धावणाऱ्याचं घर

२००० सालच्या लंडन मॅरेथॉनमध्ये पगडी बांधलेला एक ८९ वर्षांचा पंजाबी शेतकरी ४२.१९५ किलोमीटर धावला. त्याला ६ तास ५४ मिनिटं लागली. त्या दिवसापासून फौजा सिंग हे नाव जगभर झालं. वर्तमानपत्रांनी त्यांच्या वयाचं कौतुक केलं आणि ते साहजिकच होतं. या प्रकरणात मात्र मला त्यांच्या वयाबद्दल फारसं बोलायचं नाही. हा माणूस धावायला का लागला आणि तो धावत होता तेव्हा त्याच्या आजूबाजूला कोण कोण उभं होतं, हे मला सांगायचं आहे.

जालंधर जिल्ह्यातलं ब्यास पिंड हे त्यांचं गाव. लहानपणी पाय इतके काटकुळे होते की पाच वर्षांचे होईपर्यंत त्यांना नीट चालता येत नव्हतं, आणि गावातली मुलं त्यांना काठी म्हणून चिडवायची. मोठेपणी त्यांनी शेती केली, लग्न केलं, मुलंबाळं वाढवली. बाळंतपणानंतरच्या दुखण्यात मोठी मुलगी गेली. १९९२ मध्ये पत्नी ग्यान कौर गेल्या. ऑगस्ट १९९४ मध्ये मुलगा कुलदीप बांधकामावरच्या अपघातात गेला, तोही वडिलांच्या डोळ्यांदेखत. पासपोर्टवरच्या तारखेप्रमाणे फौजा सिंग तेव्हा ८३ वर्षांचे होते. बाप मुलाच्या चितेला अग्नी देतो तेव्हा त्याचं सांत्वन करायला कुठल्याच भाषेत शब्द पुरत नाहीत.

नव्वदच्या दशकात पूर्व लंडनमधल्या इलफर्डला एका मुलाच्या घरी ते राहू लागले. तिथं शेत नव्हतं, गुरं नव्हती, पारावर बसणारे सोबती नव्हते. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, इंग्रजी बोलता येत नव्हतं. घरात माया होती, पण दिवसभर करायला काही नव्हतं. अशा रिकाम्या दिवसात दुःख माणसाला सकाळपासून रात्रीपर्यंत पुरून उरतं. ते चालायला लागले, मग थोडंथोडं धावायला लागले.

इथं हरमंदर सिंग येतात. माझ्या मते या कथेतलं सर्वांत महत्त्वाचं माणूस तेच. इलफर्डमधले हे हौशी धावपटू कुठलंही मानधन न घेता फौजा सिंग यांचे प्रशिक्षक झाले. मॅरेथॉन २६ मैलांची असते, २६ किलोमीटरची नव्हे, इथपासून त्यांना सगळं समजावून सांगावं लागलं. कधी धावायचं, किती धावायचं, काय घालायचं आणि मुख्य म्हणजे कधी थांबायचं हे हरमंदर सिंग ठरवत. पुढं ज्येष्ठ शीख धावपटूंचा एक गटच तयार झाला. शर्यतीतही फौजा सिंग एकटे नसत, कुणी ना कुणी त्यांच्या बाजूनं धावत असे. शोकानं घराबाहेर काढलेल्या म्हाताऱ्याला एका माणसानं वेळापत्रक दिलं आणि एका समाजानं सोबत दिली. त्यांच्या पायांइतकंच श्रेय मी या दोन गोष्टींना देतो.

पहिल्याच लंडन मॅरेथॉनला ते ‘ब्लिस’ या संस्थेसाठी मदत गोळा करत धावले. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी ही संस्था काम करते. नव्वदीला टेकलेला माणूस जगात नुकत्याच आलेल्या, जगण्यासाठी झगडणाऱ्या जिवांसाठी धावत होता. बाळंतपणानं ज्याची मुलगी नेली, त्यानं हे काम निवडलं. त्यांच्या मनात हा धागा होता की नाही, याचा अंदाज मी बांधणार नाही. त्यांच्या धावण्याला घराबाहेरचं एक कारण मिळालं, एवढं मात्र नक्की.

मग श्रद्धा. पहिल्या वीस मैलांचं काही वाटत नाही, शेवटचे सहा मैल मी देवाशी बोलत धावतो, अशा अर्थाचं ते नेहमी सांगत. यात शरीराचाही एक हिशेब दडलेला आहे. स्नायूंमध्ये आणि यकृतात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, बहुतेक धावपटूंची तीस-बत्तीस किलोमीटरच्या सुमारास संपत येते. वीस मैल म्हणजे ३२ किलोमीटर. म्हणजे शरीराची शिदोरी संपते तिथूनच त्यांचं देवाशी बोलणं सुरू होत असे. आपल्याकडच्या अनेक धावपटूंनाही या टप्प्यावर नामस्मरण सुचतं. कुणी ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणत पावलांचा ठेका धरतं, कुणी मनातल्या मनात जपमाळ ओढतं. ठराविक लयीत ठराविक शब्द म्हटले की श्वास आपोआप त्या लयीला येतो, विचारांची गर्दी कमी होते आणि पुढचं पाऊल पडतं. श्रद्धा नसलेल्यांनी पावलं मोजली तरी श्वासाला लय मिळते. श्रद्धावंताला मात्र तिथं कुणीतरी ऐकणारं असतं, आणि शोकात असलेल्या माणसाला ऐकणाऱ्याची गरज सर्वांत जास्त असते.

शोकाबद्दल एक समजूत इथं दुरुस्त करायला हवी. नकार, राग, घासाघीस, निराशा आणि स्वीकार अशा पाच पायऱ्या असतात आणि माणूस त्या एकेक करून चढतो, असं आपण ऐकलेलं असतं. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ च्या पुस्तकात या पायऱ्या मांडल्या त्या मुख्यतः स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागं राहिलेल्यांना त्या नंतर सरसकट लावल्या गेल्या. मला जास्त पटतं ते मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या नेदरलँड्समधल्या अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडलेलं चित्र. त्यांच्या मते शोकातला माणूस दोन कामांमध्ये सतत ये-जा करतो. एक काम गेलेल्या माणसाशी आत बोलत राहण्याचं, रडण्याचं, आठवणी काढण्याचं. दुसरं काम बँकेचं खातं, मुलांची शाळा, स्वयंपाक, नवं वेळापत्रक बसवण्याचं. सतत पहिल्यातच राहिलं की माणूस बुडतो. सतत दुसऱ्यातच राहिलं तर शोक साचतो आणि पुढं कधीतरी भलत्याच वेळी फुटतो. निरोगीपण या ये-जा करण्यात आहे.

लांब पल्ल्याचं धावणं या ये-जा करण्याला फार सोयीचं पडतं. पहिली पंधरा-वीस मिनिटं डोक्यात घरचे हिशेब चालू असतात. मग शरीर तापतं, लय लागते आणि गेलेलं माणूस शेजारी येऊन चालू लागतं. डोळे भरतात, घामात अश्रू मिसळले तरी कुणाला कळत नाही, कुणी विचारत नाही. तासाभरानं रस्ता संपतो, घर येतं, दूध तापवायचं असतं. आठवणीला एक जागा आणि एक शेवट मिळतो. धावल्यानंतर येणारी हलकी, शांत अवस्था एंडॉर्फिनमुळे येते असं बरीच वर्षं मानलं जात होतं. आता शरीरातच तयार होणाऱ्या एंडोकॅनाबिनॉइड या रसायनांकडेही संशोधक बोट दाखवतात. कारण काहीही असो, ही अवस्था काही तासांची असते. तिच्या जोरावर शोक मिटवू पाहणारा माणूस रोज अंतर वाढवत नेतो आणि तिथून धोका सुरू होतो.

पहिला धोका हृदयाचा. २०१२ मध्ये ‘सर्क्युलेशन’ या वैद्यकीय नियतकालिकात बोस्टनच्या संशोधकांचा एक अभ्यास आला. हृदयविकाराचा झटका येऊन वाचलेल्या सुमारे दोन हजार रुग्णांना त्यांनी आधीच्या काळातल्या जवळच्या मृत्यूंबद्दल विचारलं होतं. जवळचं माणूस गेल्याच्या पहिल्या दिवशी झटक्याचा धोका एरवीच्या सुमारे २१ पट आणि पहिल्या आठवड्यात सुमारे सहा पट वाढलेला आढळला. मुळात ज्याचा धोका कमी आहे त्याचा २१ पट झाला तरी तो लहानच राहतो, हे खरं. तरी झोप नाही, पोटात अन्न नाही, रक्तात ताणाची संप्रेरकं चढलेली, अशा शरीरानं त्या दिवसांत चढावर जोरात धावणं मला वेडेपणाचं वाटतं. आपल्याकडच्या सुतकाच्या दिवसांकडे मी या नजरेनंही पाहतो. घरात थांबायचं, साधं जेवायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायचं, मोठं काही ठरवायचं नाही. ज्यांना सुतक पाळायचं नाही त्यांनीही एवढं पाळावं. पाय शिवशिवत असतील तर सोबत घेऊन चालायला जावं.

दुसरा धोका घराचा. हा जास्त पसरलेला आहे आणि त्याच्याबद्दल कमी बोललं जातं. पहिल्यांदा मॅरेथॉनची तयारी करणारा माणूस ऐन भरात आठवड्याला ५५ किलोमीटर धावतो असं धरू. किलोमीटरला सात मिनिटं लावली तर साडेसहा तासांच्या आसपास होतात. त्यात मैदानापर्यंतचं जाणं-येणं, व्यायाम, अंघोळ, रविवारच्या लाँग रननंतरची दुपारची झोप आणि शनिवारी रात्री नऊलाच अंथरुणाला पाठ टेकणं मिळवलं की आकडा दुप्पट होतो. तयारी चार महिने चालते. हे तास कुणीतरी भरून काढत असतं. मुलांना कुणीतरी उठवतं, सासऱ्यांना औषध देतं, रविवारी आलेल्या पाहुण्यांना एकट्यानं सांभाळतं. घरात मृत्यू झालेला असेल तर हे तास भरून काढणाऱ्याचंही कुणीतरी गेलेलं असतं. नवऱ्याची आई गेली म्हणजे मुलांची आजी गेली आणि बायकोची रोजची सोबत गेली. तो पहाटे शूज बांधून शोकाला वाट करून द्यायला निघतो, तेव्हा उरलेल्यांनी आपला शोक कुठं न्यायचा?

बायकांची स्थिती याहून अवघड. नवरा गेल्यावर महिन्याभरात एखादी बाई टी-शर्ट घालून पहाटे रस्त्यावर दिसली तर सोसायटीत काय बोललं जातं, हे सांगायला नको. तिच्या घरच्यांनी, विशेषतः सासरच्या वडीलधाऱ्यांनी, अशा वेळी उघडपणे तिच्या मागं उभं राहिलं पाहिजे. सासूनं शेजारणीसमोर ‘मीच पाठवते तिला’ म्हटलं की गल्ली गप्प होते.

घरदार, श्रद्धा आणि शोक यांच्या या ओढाताणीचं आपल्याकडचं सर्वांत मोठं उदाहरण देहूचं आहे. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी रखमाबाई आणि मुलगा संतू गेले. व्यापार बुडाला. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसू लागले. परंपरा सांगते की दुसऱ्या पत्नी जिजाबाई, म्हणजे आवली, रोज त्यांची भाकरी घेऊन उन्हात तो डोंगर चढत. त्यांच्या पायात काटा मोडला आणि खुद्द विठ्ठलानं तो काढला, अशी कथाही सांगतात. आवलीला आपण फार काळ कजाग म्हणून हिणवलं. घरात चूल पेटत नसताना नवऱ्याच्या साधनेची शिदोरी वाहणाऱ्या बाईनं तोंडानं बोलूही नये, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. देवानं काटा तिच्या पायातला काढला. कथा सांगणाऱ्यांना तिचे कष्ट कळले होते.

घर पूर्ण सोडून या वाटेवर जाता येतं का? जपानमध्ये क्योतोजवळच्या हिएई पर्वतावर तेंदाई पंथाचे काही भिक्षू सात वर्षांत मिळून एक हजार दिवसांची परिक्रमा करतात. सुरुवातीच्या वर्षांत रोज सुमारे ३० किलोमीटर, तेही वर्षाला शंभर दिवस. शेवटच्या वर्षातल्या शंभर दिवसांत रोज ८४ किलोमीटर. सातशे दिवस झाले की नऊ दिवस अन्न, पाणी, झोप यांशिवाय बसायचं. साकाई युसाई या भिक्षूंनी हे व्रत दोनदा पुरं केलं, १९८० मध्ये आणि १९८७ मध्ये. लग्नानंतर अगदी थोड्या काळात पत्नीनं जीवन संपवलं, तो घाव घेऊन हा माणूस पुढं पर्वतावर आला होता. त्यांच्यापुढं मी हात जोडतो. पण त्यांच्या वाटेला मागं वाट पाहणारं घर नव्हतं, आणि पर्वतावर एक आखीव संघ, गुरू आणि शतकांचे नियम होते. भिक्षूचे किलोमीटर गृहस्थानं उचलू नयेत. अल्ट्रा शर्यतींच्या जाहिरातींमध्ये या भिक्षूंचं चित्र वापरून पगारदार, लेकुरवाळ्या माणसांना भुलवलं जातं, ते मला अजिबात आवडत नाही.

गृहस्थासाठी वारीच बरी. ती वर्षातून एकदा येते, दिवस ठरलेले असतात, गावची दिंडी सोबत असते, पेरणी उरकून निघायचं आणि परत शेतावर यायचं. माउलींच्या पालखीच्या वाटेवर वेळापूरच्या अलीकडं ‘धावा’ होतो. तिथल्या उंचवट्यावरून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. आजही हजारो वारकरी तिथून उतारावर धावत निघतात. त्यांत त्या वर्षी घरचं माणूस गमावलेले कितीतरी असतात. मुलगा गेलेला बाप आणि आई गेलेली लेक त्याच उतारावरून, एकाच नामघोषात धावतात.

रविवारचं काय करायचं, हा श्रद्धेचा आणखी एक प्रश्न. आपल्याकडच्या जवळपास सगळ्या मोठ्या शर्यती रविवारी सकाळी असतात, मुंबई मॅरेथॉन जानेवारीतल्या रविवारी. गोव्यातल्या आणि वसईतल्या ख्रिस्ती धावपटूंची त्या वेळी मिस्सा असते. स्कॉटलंडच्या एरिक लिडेल यांनी १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी आली म्हणून ती शर्यतच सोडली, आणि मग ४०० मीटर ४७.६ सेकंदांत जिंकली. ब्रिटनचे मो फराह यांच्यापुढं २०१२ मध्ये वेगळा पेच होता. लंडन ऑलिंपिक रमजानमध्ये आलं. त्यांनी रोजे पुढं ढकलले, नंतर भरून काढायचं ठरवलं आणि पाच आणि दहा हजार मीटरची दोन्ही सुवर्णपदकं जिंकली. एकानं शर्यत सोडली, दुसऱ्यानं व्रत पुढं सरकवलं. दोघांनीही निर्णय आपल्या धर्माच्या चौकटीतच घेतला, आणि दोघांच्याही श्रद्धेवर मला शंका नाही. श्राद्धाच्या दिवशी लाँग रन आला की आपल्या घरांमध्ये कुरबूर होते. माझं मत विचाराल तर तिथी वर्षातून एकदाच येते. त्या सकाळी पानं मांडावीत, भावंडांबरोबर बसावं, वडिलांच्या गोष्टी मुलांना सांगाव्यात. ३० किलोमीटर पुढच्या रविवारीही होतात.

धावणं आणि उपचार यांतही गल्लत नको. सहा महिने, वर्ष उलटलं तरी रोजचं जगणं ठप्प आहे, जेवण-झोप नाही, आपणही जावं असे विचार येतात, तर तो दीर्घ शोकविकार असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आणि अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या वर्गीकरणांत त्याला आता स्वतंत्र स्थान आहे. तिथं डॉक्टर हवेत. भारत सरकारच्या टेलि-मानस या मोफत सेवेचा क्रमांक १४४१६ आहे आणि तिथं मराठीतून बोलता येतं.

फौजा सिंग यांनी २०११ मध्ये, पासपोर्टप्रमाणे शंभराव्या वर्षी, टोरांटोची मॅरेथॉन ८ तास ११ मिनिटांत पूर्ण केली. जन्मदाखला नसल्यामुळे गिनीज बुकानं तो विक्रम मानला नाही. शेवटची शर्यत फेब्रुवारी २०१३ मधली, हाँगकाँगची दहा किलोमीटर. त्यानंतर त्यांनी स्पर्धा थांबवली, चालणं चालूच ठेवलं. १४ जुलै २०२५ रोजी ब्यास पिंडजवळ रस्ता ओलांडताना एका गाडीनं त्यांना धडक दिली आणि ते गेले. पहिल्या मॅरेथॉनपासून शेवटच्या शर्यतीपर्यंत हरमंदर सिंग त्यांच्यासोबत होते.

तुमच्या गटातल्या कुणाच्या घरी मृत्यू झाला तर व्हॉट्सॲपवर हात जोडलेलं चित्र टाकून थांबू नका. तेराव्यानंतर येणारे-जाणारे थांबतात आणि घर एकदम मोकळं पडतं. त्या आठवड्यात पहाटे त्यांच्या दाराशी जा. धावायला म्हणू नका, चालायला म्हणा. ते बोलले तर ऐका, गप्प राहिले तर तुम्हीही गप्प राहा. आणि निघताना, किती वाजता परत आणून सोडाल ते त्यांच्या घरच्यांना सांगा.